वर्तमानपत्राच्या कुंड्यांतली रोपं मातीलगत बारीक होऊन का पडतात?

गवतफूल

टोमॅटो, बेसिल, मुळा आणि धणे असं सगळं एकदमच वर्तमानपत्राच्या कुंड्यांत पेरलं आहे. कुंड्या साधारण ५ सेंमी रुंद, एकमेकींना चिकटून एका खोल ट्रेमध्ये. निम्मी बागेतली माती, निम्मं गांडूळखत. ट्रे पूर्वेच्या खिडकीत असतो. उगवण होईपर्यंत वर प्लॅस्टिक होतं, आता फक्त रात्री झाकते. पाणी रोज सकाळी फवाऱ्याने वरून.

सध्याची स्थिती: टोमॅटो ८-९ सेंमी उंच पण दोऱ्यासारखे, खिडकीकडे झुकलेले, पानं अजून पहिली दोनच. बेसिलची रोपं मातीलगत तपकिरी आणि बारीक होऊन आडवी पडताहेत. हे एका कोपऱ्यात सुरू झालं आणि शेजारच्या कुंड्यांत सरकतंय. कागदावर बाहेरून पांढरी बुरशी आली आहे. धण्यांचा पत्ता नाही. मुळ्याचे मात्र एकेका कुंडीत तीन-तीन कोंब.

औषध टाकावं, की सगळं काढून नव्याने पेरावं? कागदाची बुरशीच रोपांना लागते आहे का? आणि विरळणीत निघालेले कोंब स्वयंपाकात चालतात का?

मातीकाम

दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची सरमिसळ केली की उपाय चुकतो. टोमॅटोला उजेड कमी पडतोय. बेसिलला रोपं कोलमडण्याचा रोग लागलाय, ज्याला सगळे ‘डॅम्पिंग ऑफ’ म्हणतात. कागदावरची पांढरी बुरशी ही तिसरीच भानगड, त्यावर इथलं दुसरं कोणी नीट सांगेल.

आधी बेसिल, कारण तिथे घाई आहे. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम ही रोग आणणारी, बुरशीच्या जातीची मंडळी बागेच्या मातीत असतातच. मोठ्या झाडाला त्यांचा फारसा त्रास होत नाही. पण कोवळं खोड, सतत ओला पृष्ठभाग आणि कोंडलेली हवा हे तीन एकत्र आले की मातीच्या रेषेवरच खोड कुजतं. वरची पानं तोवर हिरवीगार असतात, त्यामुळे रोप ‘अचानक’ पडल्यासारखं वाटतं. पडलेलं रोप कोणत्याही औषधाने उभं राहत नाही. पिथियमचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहत जातात, म्हणून ट्रेमध्ये साचलेल्या पाण्यातून रोग एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे सरकतो.

आज काय करायचं: पडलेली रोपं कुंडीसकट काढून टाका. त्यांना चिकटलेल्या कुंड्या वेगळ्या ट्रेमध्ये हलवा, त्यांतली काही उद्या-परवा पडतील असं धरूनच चाला. रात्रीचं प्लॅस्टिक बंद. झाकण फक्त पहिला कोंब दिसेपर्यंत असतं, त्यानंतर ते रोगाला मदत करतं. ट्रेमधलं पाणी ओतून द्या आणि मातीचा वरचा अर्धा सेंमी थर कोरडा पडेपर्यंत पाणी देऊ नका. काढलेली माती पुन्हा पेरणीला वापरायची नाही, मोठ्या झाडाच्या बुडाशी चालेल.

नव्याने पेरताना मिश्रण बदला. बागेची माती वाफ्यात कितीही चांगली असली तरी ५ सेंमीच्या कुंडीत ती दबून बसते. शिवाय कुंडी जितकी उथळ, तितका तिचा तळाचा ओला थर मुळांच्या जवळ येतो. हे पाणी भोक पाडूनही निथळत नाही, बारीक माती ते धरून ठेवते. त्यात निम्मं गांडूळखत म्हणजे क्षारही जास्त आणि ओलही जास्त. चांगलं मिश्रण असं: भिजवून, एकदा धुऊन पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २ भाग, बारीक चाळलेलं गांडूळखत १ भाग, पर्लाईट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा धुतलेली जाडी वाळू १ भाग. मूठभर मिश्रण ओलं करून दाबा. गोळा व्हायला हवा, बोटांतून पाणी टपकायला नको आणि टिचकी मारली की गोळा फुटायला हवा.

फवारा बाजूला ठेवा. त्याने पानं आणि वरची माती भिजते, मुळाशी मात्र काय चाललंय ते कळत नाही. ट्रेमध्ये साधारण १ सेंमी पाणी घाला, १५-२० मिनिटं थांबा, मातीचा रंग वरपर्यंत गडद झाला की उरलेलं पाणी फेकून द्या. पुढचं पाणी कुंडी उचलून हलकी लागली की. रोजचा नेम नको.

टोमॅटो वाचतील, तेही चांगले. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडल्यावर मुळं फुटतात. खरी पानं (पहिल्या दोन गुळगुळीत बीजदलांनंतर येणारी कातरलेली) दोन आली की मोठ्या, ९-१० सेंमी कुंडीत बीजदलांच्या जरा खालपर्यंत गाडून लावा. रोप उचलताना पान धरायचं, खोड नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, खोड चिरडलं की रोप गेलं. मुळ्याला हा खोल लावण्याचा उपाय करू नका.

कात्रीदोरा

कागदाची बाजू मांडायला हवी, उगाच बदनाम होतोय. ती पांढरी लव बहुधा कागदातला सेल्युलोज खाणाऱ्या बुरशीची आहे. ती जिवंत रोपाला धरत नाही. पण कागद दिवसभर ओला राहतोय हे ती सांगते आणि बेसिलचा रोग त्याच ओलीवर वाढतो. म्हणजे खूण तीच, गुन्हेगार वेगळा. एक छोटा तोटा मात्र खरा: कागद कुजवणारे जीव मिश्रणातलं नत्र वापरतात, त्यामुळे तीन-चार आठवड्यांनी खालची पानं फिकट पडू शकतात.

कुंडीचं माप: साडेपाच सेंमी व्यासाची सरळ बाटली घ्या. पट्टी १२-१३ सेंमी रुंद आणि साधारण ४० सेंमी लांब. एवढ्यात दोन वेढे बसून थोडी कड वर येते. तीन-चार वेढे दिले तर मुळं बाहेर पडायला वेळ लागतो, एकच दिला तर कुंडी दोन आठवड्यांत फाटते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. सरळ फाटणारी दिशा बाटलीच्या उंचीबरोबर ठेवा. मग वेढा घट्ट बसतो आणि सोडल्यावर उलगडत नाही. पट्टीचा ४ सेंमी भाग बाटलीच्या बुडाखाली सोडा, तो चार घड्या घालून आत दुमडा, शेवटची घडी आधीच्यांखाली खोचा आणि बाटली टेबलावर जोरात दाबून फिरवा. चिकटपट्टी नको, कारण ती मातीत कुजत नाही. पिठाची खळ तर अजिबात नको, बुरशीला आयतं जेवण. गुळगुळीत चकचकीत पानंही टाळा.

आता ठेवण्याबद्दल. चिकटून ठेवलेल्या कुंड्यांच्या भिंती कधीच सुकत नाहीत आणि मुळं एकीतून दुसरीत जातात, मग वेगळ्या करताना फाटतात. मधे बोटभर जागा सोडा. ट्रे खोल असेल तर तळाशी जाळी घाला, म्हणजे पाणी ओतून दिल्यावर बुडाला हवा लागते. कुंडी कडेला धरून उचलू नका, उलथन्यावर उचला. पेरणीपासून चार ते पाच आठवडे हे तिचं आयुष्य, त्यापुढे तिच्याकडून अपेक्षा नको.

जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत लावताना एक गोष्ट हमखास राहते: कागदाची कड मातीच्या वर डोकावत राहिली तर ती वातीसारखी आतली ओल शोषून हवेत उडवते आणि भर पाण्यातही रोप कोमेजतं. कड फाडून टाका किंवा पूर्ण मातीखाली गाडा. बूडही फाडा. भिंतींना दोन-तीन चिरा द्या. लावण्याआधी सगळी कुंडी ओली करून घ्या, कोरडा कागद मुळांना अडवतो.

दोन_वाफे

धणे आणि मुळा यांना कुंड्यांत रोपं करून लावायची गरजच नाही. दोघांचंही सोटमूळ असतं, हलवलं की बिनसतं. हलवलेली कोथिंबीर लवकर फुलावर येते, हलवलेला मुळा वाकडा किंवा दुभंगलेला निघतो. थेट कायमच्या जागी पेरा.

एक धणा म्हणजे दोन बिया असलेलं फळ. लाटण्याने हलकेच दाबून दोन फाकी करा, पीठ करू नका. ८-१२ तास पाण्यात भिजवा, १ ते दीड सेंमी खोल पेरा आणि मातीने झाका. उगवायला १० ते २० दिवस लागतात, त्यामुळे तुमचे मेलेत असं इतक्यात म्हणता येणार नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यातले धणे असतील तर मात्र शंका आहे: ते जुने किंवा तापवलेले असू शकतात. ओल्या कापडात दहा धणे गुंडाळून उबदार जागी ठेवा. दोन आठवड्यांत पाच-सहा तरी फुटले तर पेरण्यासारखे. कुंडी किमान १५-२० सेंमी खोल हवी. उन्हाळा जवळ आला की कोथिंबीर फुलावर जाणारच, ते टाळता येत नाही. म्हणून एकदाच भरपूर न पेरता दर दोन-तीन आठवड्यांनी मूठभर पेरा.

मुळा: छोट्या गोल जातीला दोन रोपांत ४-५ सेंमी अंतर. बीजदलं उघडली की लगेच विरळणी करा, तीही कात्रीने मातीलगत कापून. उपटलं तर शेजारच्याचं मूळ हलतं. विरळणी लांबवली की नुसता पाला होतो, खाली शेपटी. खत जास्त झालं तरी तेच. छोट्या जाती २५ ते ३० दिवसांत काढायच्या. ‘अजून थोडा मोठा होऊ दे’ म्हटलं की आतून भेंडाळतो.

गवतफूल

बेसिलच्या कुंड्या काढल्या, बाकीच्या सुट्या केल्या. दालचिनीची पूड मातीवर भुरभुरावी असं बऱ्याच ठिकाणी वाचलं, त्याचा उपयोग होतो का? खिडकी बदलणं शक्य नाही, मग दिवा लावायचा तर कसला आणि किती वेळ? आणि कोंब खाण्याचं राहिलंच.

वाफाळ

खाण्याचं मी सांगते. सगळ्यात आधी: टोमॅटोचे कोंब खायचे नाहीत. टोमॅटोच्या पानाखोडात टोमॅटिनसारखी अल्कलॉइड असतात, ते कोंब सॅलडचे नाहीत. मुळा, कोथिंबीर आणि बेसिल यांचे कोंब चालतात, पण दोन अटी. बियांवर गुलाबी, निळा किंवा हिरवा लेप असेल तर ती औषध लावलेली बी आहे, तिचे कोंब नाहीत खायचे. आणि ज्या ट्रेमध्ये रोपं कुजून पडली, तिथलं काहीही ताटात नको.

मुळ्याचे कोंब कात्रीने मातीच्या बोटभर वर कापा, गार पाण्यात दोनदा खळबळून घ्या, कापडावर पूर्ण कोरडे करा. ओले ठेवले तर दुसऱ्या दिवशी चिकट होतात. कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. त्यांचा तिखटपणा मोहरीच्या जातीचा आहे, तो चावल्यावर किंवा चिरल्यावर तयार होतो आणि शिजवल्यावर जातो. म्हणून गॅस बंद केल्यावर वरून घाला. कोवळ्या कोथिंबिरीलाही हाच नियम.

बेसिल मोठं झालं की खरी मजा. रोप १५ सेंमीचं झालं की शेंडा खुडा, पण जिथे दोन पानं समोरासमोर फुटतात त्या पेराच्या अगदी वर. तिथून दोन फांद्या येतात. अधलीमधली पानं ओरबाडत राहिलात तर झाड काठीसारखं वर जातं. कापलेलं बेसिल फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने पानं काळी पडतात. पेल्यात पाणी घालून फुलांसारखं ओट्यावर ठेवा, पाणी रोज बदला.

वाटण करून साठवायचं असेल तर ५० ग्रॅम पानं उकळत्या पाण्यात फक्त ५ ते १० सेकंद बुडवा, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग घट्ट पिळा. पान काळं करणारं एन्झाइम या उष्णतेत निकामी होतं, रंग हिरवा राहतो. १० सेकंदांच्या पुढे गेलात तर वास जातो. त्यात ६० मिली तेल आणि २ ग्रॅम मीठ घालून वाटा. बर्फाच्या साच्यात भरून गोठवा, गोठल्यावर वड्या पिशवीत काढा.

इथे एक इशारा, आणि तो हलक्यात घेऊ नका. ताजी पानं, लसूण किंवा मिरची तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे. तेलाखाली हवा नसते, पानांत आम्ल नसतं, आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला विष तयार करायला हेच हवं असतं. त्या विषाचा वास येत नाही, रंगही बदलत नाही. असं तेल फ्रिजमध्ये जास्तीत जास्त चार दिवस, नाहीतर सरळ गोठवलेलं.

मुळे एकदम आले तर व्हिनेगरमध्ये घाला: २५० ग्रॅम मुळ्याच्या २-३ मिलिमीटर जाड चकत्या, ५ टक्के आम्लाचं व्हिनेगर १५० मिली, पाणी १५० मिली, मीठ ८ ग्रॅम, साखर १२ ग्रॅम. पाणी, व्हिनेगर, मीठ, साखर गरम करून विरघळवा, चकत्यांवर ओता, गार झालं की फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तयार, दोन आठवड्यांत संपवा. लाल सालीचा रंग पाण्यात उतरून सगळं गुलाबी होतं आणि झाकण उघडल्यावर गंधकासारखा भपका येतो. दोन्ही नेहमीचं आहे, टाकून देऊ नका.

मातीकाम

दालचिनी: तिच्यात बुरशीरोधक घटक आहेत हे खरं, पण मातीवर भुरभुरलेली पूड खोडातला रोग बरा करत नाही. ओल तशीच ठेवून दालचिनी टाकणं म्हणजे दालचिनी वाया. ट्रायकोडर्मा वापरायचं असेल तर पेरणीआधी मिश्रणात, पाकिटावरच्या प्रमाणात. ती मित्रबुरशी आहे, आधी जागा पकडली तरच कामाची. रोपं पडायला लागल्यावर शिंपडून हाती फार काही लागत नाही. आणि ट्रायकोडर्मासोबत बुरशीनाशक घालू नका, आपलाच पहारेकरी मरतो.

दिवा: साधी पांढरी एलईडी ट्यूब पुरते, जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे लागत नाहीत. महत्त्वाचं आहे ते अंतर. ट्यूब रोपांच्या शेंड्यांपासून १० सेंमीवर टांगा आणि रोपं वाढतील तशी वर घ्या. छतावरचा दिवा कितीही प्रखर असला तरी तिथून रोपांपर्यंत फार थोडा उजेड पोचतो. दिवसाला १४ ते १६ तास, टायमर लावून, रात्री अंधार. दिवा पहिले कोंब दिसल्याच दिवशी सुरू करायचा. बिया उबेत रुजतात म्हणून ट्रे उबदार जागी ठेवतो ना, तो उगवण झाल्यावर तिथून हलवायचा. उजेड कमी आणि ऊब जास्त, याच जोडीने दोऱ्यासारखी रोपं होतात. टोमॅटो रुजायला २० ते २७ अंश चांगले, उगवल्यावर १८-२० पुरेत.

निरोगी रोपांवरून तळहात दिवसातून दोनदा मिनिटभर हळूच फिरवा, पानं कोरडी असताना. हालचालीला उत्तर म्हणून खोड बुटकं आणि जाड होतं. छोटा पंखा मंद गतीवर ठेवला तर तेही होतं आणि मातीचा पृष्ठभागही सुकतो. रोग असलेल्या ट्रेवरून हात फिरवू नका, तुम्हीच तो दुसरीकडे न्याल.

खत दोन खरी पानं आल्यावरच, द्रवखत नेहमीच्या पाव ताकदीचं, आठवड्यातून एकदा. फिकट पानांवर उपाय म्हणून एकदम जास्त दिलंत तर पानांच्या कडा करपतील.

बाहेर काढताना सात ते दहा दिवस सराव द्या. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज तास-दोन तास वाढवत कोवळ्या उन्हात. खिडकीच्या काचेमागे वाढलेलं पान थेट दुपारच्या उन्हात नेलं की पांढरं पडतं, रोग समजून लोक औषध मारत बसतात. रात्रीचं तापमान १० अंशांखाली जात असेल तर टोमॅटो आत घ्या. बेसिल त्याहून नाजूक, ते १२-१३ अंशांच्या खाली बाहेर ठेवूच नका.

म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: टोमॅटो ठेवा, बेसिल नव्या मिश्रणात पुन्हा पेरा, बी जेमतेम झाकेल इतकंच, अर्ध्या सेंमीहून खोल नाही. धण्यांची अजून आठवडाभर वाट पाहा.

कात्रीदोरा

नव्याने पेरणार असाल तर नावपट्ट्या शिसपेन्सिलने लिहा. पेनची शाई उन्हात उडते, मार्करही बऱ्याचदा टिकत नाही, ग्रॅफाइट टिकतो. दह्याच्या रिकाम्या डब्याच्या दीड सेंमी रुंद पट्ट्या कापा, खडबडीत कागदाने जरा घासा म्हणजे पेन्सिल उमटते. नावासोबत पेरल्याची तारीख लिहा. कागदी कुंडीत पट्टी खोचू नका, भिंत फाटते. ट्रेच्या कडेला ओळीच्या तोंडाशी लावा.